तात्यांची व्हॅन आणि माझा चुकलेला रिपोर्ट

तात्यांच्या हातातून व्हॅनची चावी माझ्यामुळे गेली.

त्यांना जाऊन आज एक वर्ष झालं. म्हणून आता नीट लिहिते.

तात्या माझे घरमालक. पुण्याजवळ मारुंजीत तीन मजली बिल्डिंग, बहुतेक भाडेकरू आयटीवाले. मी मेकॅनिकल इंजिनियर, इंजिन कॅलिब्रेशनमध्ये. म्हणजे इंजिनं जास्त करून स्क्रीनवरच बघते.

त्यांची जुनी पेट्रोल व्हॅन होती, कार्ब्युरेटरची. रोज सकाळी ती घेऊन ते घोटवड्याकडच्या शेतावर जायचे. बाकीची जमीन विकून तेवढाच तुकडा उरला होता.

मग व्हॅन गेटच्या उतारावर बंद पडायला लागली. ऐन ऑफिसच्या वेळेला. मागे बाइकची रांग, हॉर्न, आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर तक्रारी.

त्यांचा मुलगा संदीपदादा म्हणाला, "तात्या, गाडी न्हाई, पाय गंडलाय तुमचा. क्लच सुटतोय."

"चाळीस वर्सं सुटला न्हाई, त्यो आत्ता सुटतुया व्हय?"

शेवटी दादा माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी बघा. तुमी सांगाल ते फायनल."

तात्यांनी मला लक्षणं सांगितली. शब्द मला अजून पाठ आहेत.

"गेटवर थरथरतीया. थांबवाय गेलं की मरतीया. अन् ब्रेक बी लई जड लागतोय."

शनिवारी तपासलं. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलून ठेवली. स्पार्क प्लग साफ केले, गॅप मोजली. एअर फिल्टर बदलला. कार्ब्युरेटरचे जेट धुतले. इंजिन चालू ठेवून नळ्यांच्या जोडांवर क्लीनर मारून बघितला. कुठून हवा आत ओढली जात असती, तर आवाज बदलला असता.

बदलला नाही.

वीस मिनिटं गाडी जागेवर उभी, इंजिन एकसारखं चालू. एकदाही बंद पडली नाही.

रोड टेस्ट घेतली नाही. अकराला कॉल होता.

जड ब्रेकचं मी वयावर ढकललं.

ग्रुपवर लिहिलं: "गाडी तपासली. दोष नाही. ड्रायव्हरकडे लक्ष द्यावं."

खाली अंगठेच अंगठे.

चावी दादाच्या कपाटात गेली. त्याच महिन्यात शेत खंडाने दुसऱ्याला कसायला दिलं. तात्या गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले.

"काय म्याडम, तुमची इंजिनं बरी हायेत न्हवं?"

"हो."

"हां. मग झालं."

पाच आठवड्यांनी पाण्याचा टँकर आला आणि वाटेत व्हॅन. दादा घरी नव्हता. वहिनींनी चावी माझ्याकडे दिली.

मी बसले, चालू केली, उतारावर ब्रेक दाबला.

बंद.

पुन्हा चालू केली. ब्रेक दाबला. थरथरली आणि बंद.

टँकरवाला ओरडत होता. मी तिसऱ्यांदा केलं. पाय काढला की ठीक. ठेवला की डॅशबोर्डखाली सुस्स आवाज, आणि बंद.

ब्रेकचा सर्वो. पेडल हलकं करायला तो इंजिनकडूनच व्हॅक्यूम घेतो. त्याचा रबरी पडदा फाटला होता. ब्रेक दाबला की जास्तीची हवा थेट इंजिनात. म्हणून थरथर. म्हणून ब्रेक जड.

मी सीट उचलून तपासत होते. सीट उचलल्यावर ब्रेकवर पाय कुणाचाच नसतो.

सर्वो बदलून आणला. चावी स्वतः नेऊन दिली.

"तात्या, दोष गाडीत होता."

"मला म्हाईत व्हतं."

"मी व्यवस्थित तपासलं होतं. पण..."

"तपासलंस की. पाय कुटं असतुया, त्ये इचारलं न्हाईस."

मग म्हणाले, "आता लिही तसं. जितं पयलं लिहिलंस, तितंच."

मी तिथेच उभी राहून टाइप केलं. त्यांना वाचून दाखवलं: "सर्वो बदलला. गाडी ओके."

"माझं नाव कुटं हाय त्यात?"

"सर्वो बदलला म्हटलं, म्हणजे ते येतंच ना त्यात."

त्यांनी चावी खिशात टाकली. "बरं," म्हणाले.

नंतर चार महिने ते व्हॅन चालवत होते. गेटवर एकदाही बंद पडली नाही. शेत दुसऱ्याकडे होतं, तरी रोज तिकडेच जायचे. बांधावर बसून परत यायचे. एका दुपारी जेवून झोपले, ते उठले नाहीत.

ग्रुप अजून आहे. पाणी, पार्किंग, कचरा. माझा तो पहिला मेसेजही आहे, अंगठ्यांसकट. त्याखाली आज हे टाकलं आहे, आणि इथेही टाकते:

दोष गाडीत होता. माझी तपासणी चुकली. तात्यांचा पाय बरोबर होता.

तात्या, या वेळी नाव घातलं आहे.

नमस्कार.