हळदीकुंकवात सांडलेली ओटी

आमच्या कॉलनीतल्या बायकांनी मला अजून माफ केलेलं नाही आणि मीही त्यांना केलेलं नाही, तेव्हा फिट्टंफाट. आजही घाटकोपरला त्या बाजूने गेले की एखादी म्हातारी गॅलरीतून बघते आणि शेजारणीला सांगते, हीच ती, नारळाला लाथ मारणारी. मी लाथ मारली नव्हती. पण ऐंशीच्या दशकातल्या त्या संक्रांतीला कॉलनीने ठरवलं की मारली, आणि कॉलनीने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ते बदलत नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, अंधेरीला एका औषधांच्या कंपनीत टायपिस्ट. वडील गिरणीच्या संपात घरी बसले ते बसलेच. घर माझ्या पगारावर आणि आई डबे करून द्यायची त्यावर चालायचं. माझ्या जिभेला हाड कधी नव्हतंच, पगार सुरू झाल्यावर तिला धारही आली. आईशी माझं रोज वाजायचं. विषय कुठलाही चालायचा.

शनिवारी ऑफिस सुटलं की मी एका गटात जायचे. आम्ही पाच जणी. म्युनिसिपालिटीच्या शाळेत एक वर्ग मागून घेतला होता, तिथे नाटकाच्या तालमी चालायच्या. आमच्यातली सगळ्यात मोठी कॉलेजात शिकवायची, तिला आम्ही बाई म्हणायचो. नाटक स्त्रीच्या शरीरावर होतं. प्रत्येकीने एक अवयव घ्यायचा आणि त्याने आपली हकिगत सांगायची. एकीचे पाय, एकीचे हात, एकीचं पोट. आणि एकीकडे ती जागा, जिला आमच्या कुणाच्याच घरात नाव नव्हतं. आया ‘खाली’ म्हणायच्या, ‘तिथे’ म्हणायच्या, लहानपणी नुसतंच ‘शी’. नाव फक्त पुरुषांच्या शिव्यांत होतं, तिथे मात्र ते नाक्यानाक्यावर बिनचूक ऐकू यायचं. बाईंनी दार लावून घेतलं आणि आम्हाला तो शब्द दहा-दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावला. आधी हसू आलं. आठव्या खेपेला मला असा काही संताप आला की मी ओरडून म्हटलं आणि बाक बडवला. शाळेच्या शिपायाने दार ठोठावून आत भांडण चाललंय का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, हो, पण तुमच्याशी नाही.

पाठ माझ्या वाट्याला आली. खरं तर मी ती मागून घेतली, कारण एक पाठ माझ्या चांगल्या ओळखीची होती. माझ्या बहिणीची.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, मुलुंडला दिलेली. नवरा चांगल्या नोकरीत, सफारी घालणारा, घरात शिरताच आईच्या पाया पडणारा. तोंडावर मी त्याला भावजी म्हणायचे. इथे ‘तो’च म्हणेन. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि ताई दोनदा सुजलेली पाठ घेऊन माहेरी आली होती. दोन्ही वेळा आईने तेच केलं. तेलात हळद कढवली, ताईला पालथं झोपवून लावली, आठ दिवस तिच्या आवडीचं करून वाढलं. तो न्यायला आला की पाट मांडून तिची ओटी भरली. त्याच डब्यातली हळद कपाळाला लावली, पदरात तांदूळ, खण, नारळ घातला आणि म्हणाली, “मागे बघू नको गो.” ताईने बघितलंही नाही. मी मात्र दोन्ही वेळा आईकडे बघत उभी होते, आणि या बाईच्या पोटी आपण का आलो, असं अगदी स्पष्ट शब्दांत मनात म्हणत होते.

त्या वर्षी संक्रांतीनंतर ताई तिसऱ्यांदा आली. पट्ट्याचं बक्कल दोन ठिकाणी रुतलं होतं. आईने काय झालं ते विचारलं नाही, तिने हळदीचा डबा काढला. मला ताईने मोरीत कपडे पिळताना सांगितलं. “चार दिवस ताप होता गं. नको म्हटलं. एवढंच.”

तो रविवारी चारला न्यायला येणार होता. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, कॉलनीच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि त्यात काहीतरी कार्यक्रम हवाच होता. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की शनिवारी ताईने आमचं नाटक बघायचं आणि रविवारी तिने जायचं नाही. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना मी सांगितलं, स्त्रीजीवनावरची कौटुंबिक नाटिका आहे. रडवणारी आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

पाठीच्या हकिगतीत मी आमचं घर जसंच्या तसं घातलं. ताप, पट्टा, कढवलेली हळद आणि शेवटी ओटी. नावगाव बदललं की माणूस ओळखू येत नाही, असं मला वाटायचं. ताईला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

तालमीत आम्ही रिकाम्या ओढणीची ओटी करायचो, पण प्रयोगाला बाईंना खरं सामान हवं होतं. ते आईने हौसेने दिलं. आमच्याकडे दरवर्षी गावाहून पोतंभर नारळ यायचे आणि घरातल्या एकुलत्या एक पलंगाखाली ठेवलेले असायचे. मालवणी घरात एक वेळ मीठ संपेल, नारळ नाही. आईने पोत्यात हात घालून, दोन-चार वाजवून बघून चांगला शेंडीवाला निवडला. लेक चारचौघींत काम करणार म्हणून ती खूश होती. मला तिची थोडीशी दया आली, पण तेवढ्याने माझा बेत बदलणार नव्हता.

समाजमंदिरात पन्नास-साठ बायका जमल्या होत्या. वाणाला प्लास्टिकच्या चाळण्या होत्या, त्यांची उतरंड स्टेजच्या कडेला रचली होती. आम्ही पाच जणी पांढरे पंजाबी ड्रेस घालून आलो तेव्हाच कुजबुज झाली की सणाला पांढरं काय. पाय आणि हात सुरळीत पार पडले. पोटाच्या हकिगतीला चार-दोन जणींनी डोळे पुसले. बिननावाच्या जागेने तो शब्द उच्चारला आणि मागच्या रांगेतल्या दोघी पोरींचे कान धरून बाहेर गेल्या. अध्यक्षीणबाईंचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या पुरणात मीठ टाकलं होतं.

मग माझी पाळी. मी प्रेक्षकांना पाठमोरी झाले. ड्रेसवर मागे ओल्या हळदीचे पट्टे ओढले होते. मी तापाचं सांगितलं, ‘नको’ म्हटल्याचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं. आईचं काम करणारी ताट घेऊन आली, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि ओढणीत ओटी भरली. ओढणीत ओटी कोण भरतं, असं कुणीतरी म्हणालं. आता मी पुढे यायचं होतं, भरली ओटी सावरत एवढंच विचारायचं होतं की ही घेऊन मी जाऊ कुठे. नाटकात इतकंच होतं.

मी वळले आणि तिसऱ्या रांगेत मला आई दिसली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. शेजारी बसलेल्या ताईच्या पाठीवरचा पदर ती खांद्यावरून ओढून घेत होती, नीट, घट्ट, कुणाला काही दिसू नये म्हणून. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी ओढणी झटकली. तांदूळ फर्रकन उडाले, नारळ दाणकन पडला, गडगडत स्टेजवरून खाली गेला आणि चाळण्यांची उतरंड घेऊन कोसळला.

हळदीकुंकवात, सवाष्णींच्या समोर, भरलेली ओटी सांडली. आमच्याकडच्या बायका नवऱ्याने डोकं फोडलं तर दाराला कडी लावून घेतील, पण हे त्यांना बघवेना. एक आजी मोठ्याने राम राम म्हणू लागली. अध्यक्षीणबाईंनी कार्यक्रम संपला म्हणून जाहीर केलं. बाईंना नाटकानंतर चर्चा घ्यायची होती, त्या हात वर करून मैत्रिणींनो मैत्रिणींनो म्हणत राहिल्या. मैत्रिणी वाण न घेताच निघाल्या, तांदळावर पाय पडू नये म्हणून साड्या उचलून, भिंतीच्या कडेकडेने. आई सगळ्यांच्या आधी गेली.

ताई गेली नाही. ती पुढे आली, नारळ उचलून कपाळाला लावला आणि जमिनीवर बसून तांदूळ वेचायला लागली. दाणा दाणा वेचून पदरात टाकत होती. मी तिच्याजवळ बसले. मला वाटलं, आता ती रडेल, मग मी तिला जवळ घेईन आणि उद्या जायचं नाही म्हणून सांगेन.

“पाठ माझी होती,” ती वर न बघता म्हणाली. “मला विचारायचं होतंस.”

मी तांदूळ वेचायला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला.

घरी आईने माझं ताट वाढलं नाही. “श्रीफळाक लाथ मारलंस,” ती म्हणाली. “आता तिचा बरा होवचा नाय.” म्हणजे लाथेची कथा आमच्या घरातूनच सुरू झाली की काय, हे मला आजवर कळलेलं नाही. मी म्हटलं, तिचं बरं होतंच कधी? त्यावर वडिलांनी पेपर तोंडासमोर आणखी वर धरला.

रविवारी ताईने सकाळीच बॅग भरून दाराशी ठेवली. जाऊ नकोस म्हणून मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, इथे राहून काय करू, लोकांना पाठ दाखवत फिरू? ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. नाटकाने झालं ते एवढंच, की आता तिला इथे तोंड दाखवायलाही जागा राहिली नव्हती.

तो बरोबर चारला आला. आईच्या पाया पडला, पलंगावर बसला, चहा प्यायला. आदल्या दिवशीचं त्याच्या कानावर गेलं नसावं. निदान त्याने दाखवलं नाही. बशी खाली ठेवत तो म्हणाला, निघू या मग. ताईने उठून पाट मांडला आणि त्यावर बसली. दोन्ही वेळा अशीच बसली होती. आई आत गेली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि आईबद्दल जे जे वाईट मनात आणता येईल ते आणत होते.

आई बाहेर आली ती रिकाम्या हातांनी. पदराला हात पुसत होती. जावयाशी ती एरवी ठेवणीतलं, शाळेतलं मराठी बोलायची, ‘आपण’, ‘बसावं’ वगैरे. त्या दिवशी नाही बोलली.

“घरात नारळ नाय,” ती म्हणाली. “चेडवाक रिकाम्या ओटीन धाडूची पद्धत नाय आमच्यात. तुम्ही जावा.”

त्याला आधी कळलंच नाही. मग तो हसला. नाक्यावरून आणतो म्हणाला. आई म्हणाली, विकतचा चालत नाही, लेकीच्या ओटीत घरचाच लागतो. ही पद्धत तिने तिथल्या तिथे काढली होती. आमच्या गावात अशी काही नाही. तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. तो बसला होता त्याच पलंगाखाली पोतं होतं, तोंड उघडं, आणि वरचे पाच-सहा नारळ शेंड्यांसकट ढळढळीत दिसत होते. त्याने बोट दाखवलं. “आणि हे काय?”

आईने त्याच्याकडे बघत, मान जरासुद्धा न वळवता, उजवा पाय पुढे केला आणि टाचेने ते पोतं पलंगाखाली आत, भिंतीपर्यंत ढकललं.

“नारळ नाय,” ती परत म्हणाली.

तो गेला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत आणखी दोनदा आला, आणि दोन्ही वेळा आमच्या घरात नारळ नव्हता. ताईने नंतर नोकरी धरली, पुढे खोलीही घेतली. त्यात माझ्या नाटकाचा वाटा किती, हे मी तिला विचारलेलं नाही. आई माझ्याशी नीट बोलायला लागली ती होळीनंतर.

पण त्या रविवारी, तो जिना उतरून गेल्यावर, ताई पाटावर तशीच बसलेली असताना, आई पलंगाखाली वाकली. पोतं बाहेर ओढलं, एक नारळ काढला, दोन्ही डोळ्यांना लावला, पुटपुटत काहीतरी क्षमा मागितली. मग कोयत्याने फोडला आणि आडोळी घेऊन खवायला बसली. रात्रीच्या कालवणाला. खोबरं खवता खवता माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्या नाटकात ह्या घालू नको.”

मी घातलं नाही. ती गेल्यावर आता लिहिते आहे, तेही ताईला विचारून.