ताईच्या भाषणातलं उदाहरण

जन्मापासून केस मेंढीसारखे कुरळे, म्हणून घरात नाव पडलं कोकरू. कोकरू निजलं, कोकरू रुसलं, कोकरू शाळेत गेलं. पुढे नाकावर चष्मा आला, दातांच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तरी नाव काही सुटलं नाही.

काम कवळ्या बनवायचं. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं, मग मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवायचा. कधी दवाखान्यात जाऊन पेशंटच्या उरलेल्या दातांशी रंगही जुळवावा लागे. ते काम कोकरूचं सर्वांत आवडतं. ओठांपुढे हात धरून बोलणारी माणसं खुर्चीत बसत. कोकरू त्यांना काहीतरी सांगून हसवी आणि हसता हसता रंग बघून घेई.

स्वतःबद्दल बोलताना मात्र ते जपून बोले. 'मी आलो' म्हणायला जीभ वळत नसे आणि 'मी आले' म्हणायलाही नाही. मग 'मला उशीर झाला' किंवा 'माझं जेवण झालं' अशी पळवाट काढायची. 'मी कवळी पूर्ण केली' हे वाक्य सगळ्यांत सोयीचं, कारण तिथे क्रियापद कवळीच्या मागे जातं आणि बोलणारा सुटतो. कोकरू यात इतकं सराईत झालं होतं की कुणाला कधी संशय आला नाही.

थोरल्या बहिणीला आला. ताई शाळेत समुपदेशक होती, मुलांच्या मनातलं काढून घेण्यात तिचा हातखंडा. दोघं गच्चीवर कपडे वाळत घालत असताना ती म्हणाली, "तुझी क्रियापदं कुठे गिळलीस रे बाळा?"

कोकरूने चिमटे खाली ठेवले आणि पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. आपण बाई नाही आणि पुरुषही नाही, हे कळत्या वयापासून ठाऊक आहे. लहानपणी पोहण्याच्या तलावावर कपडे बदलायच्या दोन दारांपुढे उभं राहून पाय उचलला नव्हता, म्हणून ओल्या कपड्यांनी घरापर्यंत चालत यावं लागलं होतं. घरी मात्र पाण्यात पडल्याची थाप मारली होती.

"मग याला शब्द काय?" ताईने विचारलं.

"नॉन-बायनरी. कुणी एजेंडर म्हणतं, म्हणजे लिंगच नसलेलं; कुणी जेंडरफ्लुइड, म्हणजे बदलतं राहणारं. सगळ्यांचे अर्थ वेगळे. मला सध्या पहिला बरा वाटतो, पुढे दुसरा पटला तर तो घेईन."

"म्हणजे अर्धं हे, अर्धं ते."

"नाही गं. अर्धं काहीच नाही. मी पूर्ण आहे, फक्त या दोन्हींतलं नाही."

ताईने जवळ घेतलं. "आईला?"

"माझं मीच सांगेन. तोवर पोटात ठेव."

"ठेवते," ताई म्हणाली.

काही महिन्यांनी वाचनालयाच्या सभागृहात पालकांसाठी ताईचं व्याख्यान ठरलं. विषय होता, मुलं आणि लिंगओळख. "तू ये, तुला आवडेल," असं तिनेच बोलावलं. कोकरू मागच्या रांगेत बसलं. पुढे लॅबचे मालक बायकोसोबत होते, पलीकडे शेजारच्या काकू.

सुरुवात छान झाली. मग ताईने चष्मा काढला, आवाज मऊ केला. "लांब कशाला, माझ्या घरातलंच उदाहरण देते."

तलाव आला, दोन दारं आली. ओले कपडे आणि आईला मारलेली थापही आली. थापेवर लोक हसले. क्रियापदं गिळण्यावर तर फारच हसले. "अशी व्यक्ती अर्धी स्त्री, अर्धा पुरुष असते," ताई म्हणाली, "आणि आपण तिला तसंच स्वीकारायचं." टाळ्या पडल्या. नाव तिने घेतलं नाही. पण तिला भावंडं किती, हे सभागृहाला ठाऊक होतं. माना एकेक करून मागे वळल्या. कोकरू उठलं आणि जिना उतरून बाहेर पडलं.

घरी पोचेपर्यंत काकूंचा फोन होऊन गेला होता. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"गावभर माहीत," ती म्हणाली, "आणि मला शेजारणीकडून."

"मी फक्त ताईला सांगितलं होतं."

"तेच म्हणते. मी काय खाल्लं असतं तुला?"

आईने खुर्ची पुढे सरकवली. "बस. आता माझ्यापासून सुरू कर."

लॅबमध्ये मालक गोडच बोलले. "तुमच्या ताईंनी डोळे उघडले हो आमचे." आणि त्याच दमात, "काही दिवस तुम्ही दवाखान्यांत जाऊ नका. पेशंट उगाच प्रश्न विचारतात." कोकरू मेण वितळवत बसलं.

ताई रविवारी आली.

"नाव घेतलं नव्हतं मी," तिने आधीच सांगून टाकलं.

"नाव सोडून उरलं काय होतं?"

"एक बाई नंतर माझा हात धरून रडली. तिचं पोर असंच आहे. तिला केवढा धीर आला."

"आला असेल. मला विचारलं असतंस तरी आला असता."

"विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस."

"हो."

आपण काय कबूल केलं, ते ताईच्या ध्यानात आलं असावं. ती म्हणाली, "माझा हेतू वाईट नव्हता."

"केसाने गळा कापलास ताई. हेतू बघत बसायला मान कुठे उरली?"

ताईने माफी मागितली, तीही मनापासून. तलावाची गोष्ट तिने पुन्हा कुठल्या व्याख्यानात सांगितली नाही. कोकरूने माफ केल्याचं सांगितलं आणि तेही खोटं नव्हतं. येणंजाणं राहिलं. वाढदिवसाला केक येतो, आईचं दुखलंखुपलं दोघं मिळून बघतात. ताई अजून विचारते, "आणखी काय विशेष?" कोकरू म्हणतं, "काही नाही."

गेल्या वर्षी त्याने जुनी लॅब सोडली. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी धरली. तिथे पहिल्याच दिवशी स्वतःबद्दल काय ते सांगून टाकलं आणि पुन्हा पेशंटच्या खुर्चीशेजारी उभं राहायला मिळालं. लॅबजवळच एक खोलीही घेतली. आई पडद्यांचं माप घ्यायला सोबत गेली होती. ताईला कळलं ते सामान हलल्यावर, शेजारच्या काकूंकडून.