साहेबांच्या मागची रांग

बीदरमध्ये लग्नपत्रिका तीन भाषांत छापली जायची आणि तिन्हींत वधूपित्याचं नाव वेगवेगळं यायचं. त्यातल्या मराठीपुरता मी जबाबदार होतो. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे अण्णानं, बसस्टँडजवळ डीटीपीचं दुकान टाकलं होतं आणि मी कॉलेजात इतिहास शिकवून उरलेल्या वेळात त्याची मुद्रितं तपासायचो. पगार नव्हता, पण चहा आणि टोमणे वेळच्या वेळी मिळायचे. अण्णा मला ‘मास्तर’ म्हणायचा. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला आजही सांगता येणार नाही.

दुकानातला संगणक हैदराबादच्या एका छापखान्यातला. त्यांनी नवे घेतले, जुना विकायला काढला. नव्वदनंतर शहरांनी जे जे टाकून दिलं ते आमच्या जिल्ह्यात ‘आधुनिक’ म्हणून आलं, त्यातलीच ही गोष्ट. बसच्या टपावरून, गोधडीत गुंडाळून तो आला. सोबत दोन माणसांनी उचलावा असा स्कॅनर आणि एक ड्राइव्ह. त्या ड्राइव्हच्या तोंडात जाड पुस्तकाएवढी, प्लास्टिकची काडतुसं सरकवायची. फायली आणि फोटो त्यांतच साठवायचे. आजच्या मानानं त्यांत मावायचं ते हास्यास्पद होतं, पण तेव्हा अण्णा एकेक काडतूस दोन्ही हातांनी धरायचा.

ही यंत्रं एकमेकांना जोडायची पद्धत वेगळी होती. संगणकातून जाड केबल स्कॅनरला, स्कॅनरच्या पाठीतून दुसरी केबल ड्राइव्हला. त्या साखळीला हैदराबादचे लोक ‘स्कझी’ म्हणत. साखळीतल्या प्रत्येक यंत्राच्या मागे एक लहान चक्री. तिच्यावर प्रत्येकानं आपला वेगळा नंबर धरायचा. दोघांचा नंबर एक झाला की संगणक गप्प. आणि शेवटच्या यंत्राच्या पाठीला वायर नसलेला, कुठेही न जाणारा एक प्लग लावायचा, म्हणजे संदेश तिथं थांबतो, उलटा फिरून गोंधळ घालत नाही. पुढे साहेबांच्या सत्काराच्या सभेत बसलो असताना मला त्या प्लगची फार आठवण आली. वक्त्यांसाठी तसा काही निघायला हवा होता.

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या एकसष्टीला गौरवग्रंथ काढायचा ठरला आणि मराठी भागाचं काम अण्णाकडे आलं. साहेबांचं बालपण हालाखीत गेलं, हे मी लिहिलं. ते ज्या घोड्यावरून शाळेत जायचे त्या घोड्याचा उल्लेख मात्र त्यांच्या सचिवानं गाळायला लावला. फोटो पोतंभर आले. त्यांत एक हळ्ळीखेडजवळच्या एका गावातला, समाजमंदिराच्या उद्घाटनाचा. पुढे खुर्च्यांवर साहेब आणि पाहुणे, मागे ते समाजमंदिर ज्यांनी बांधलं ती मजूर मंडळी उभी. सचिवानं फोटो पाहून बोट ठेवलं.

“ही मागची गर्दी काढा. साहेबांच्या डोक्यावर मोकळं पायजे.”

“मोकळं म्हंजे काय ठिवू?” अण्णानं विचारलं.

“ढग ठिवा की.”

अण्णानं ढग ठेवले. सुंदर ठेवले. मूळ फोटो सचिवाकडे परत गेला, ग्रंथ निघाला, साहेब पुढची निवडणूक हरले, त्यांचं कार्यालय बंद पडलं आणि फोटोंचं पोतं कुठं गेलं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मग फ्लेक्स आले. दोन माणसांनी उचलायच्या स्कॅनरऐवजी एका हातात मावणारा स्कॅनर आला. अण्णाचं दुकान झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं झालं. जुना संगणक मागच्या खोलीत कपाटावर गेला, पण त्याला कुणी टाकलं नाही. दर दसऱ्याला वहिनी तो उतरवायची. आमच्याकडे खंडेनवमीला घरातलं प्रत्येक अवजार धुऊन पुसून पाटावर मांडतात आणि पुजतात. खुरपं, वजनकाटा, शिवणयंत्र, मोटारसायकल. ज्यानं घर चालवलं ते बंद पडलं म्हणून पूजेतून वगळायचं नाही, असा वहिनीचा नियम होता. त्यामुळे संगणक, स्कॅनर, ड्राइव्ह आणि काडतुसांचा गठ्ठा, सगळ्यांना दरवर्षी हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल मिळायचं. मी एकदा म्हणालोही की जिवंत असताना इतका मान कुणाला मिळाला नाही. वहिनी म्हणाली, “तुमाला बी पाटावर बसवते औंदा. तुमी तरी कुटं काय कामाचे हाव?”

अशाच एका भाद्रपदात, साहेब हरल्याला बरीच वर्षं झाली होती, दुकानात दोन माणसं आली. एक तिशीतली बाई, डोक्यावर पदर, आणि तिच्यासोबत तिचा धाकटा दीर. धनगराचं घर, आता मेंढरं राहिली नव्हती, दोघंही रोजंदारीवर होते. दीरच बोलला.

“ते साहेबाचं बुक तुमीच छापलाव न्हवं? आमच्या गावातला फोटो हाय त्यात. त्यात आमचा भाऊ हुबारला होता, मागं.”

अण्णानं माझ्याकडे पाहिलं. ग्रंथात त्या ठिकाणी ढग होते हे आम्हा दोघांनाही आठवलं.

“बुकात न्हाईत ते,” बाई म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. “बुक पंचायतीत आलतं. आमी बघितलं. ते हसले. म्हनले, मी आभाळात गेलो बग.”

तिचा नवरा पुण्याला टेलिफोनच्या केबलचे चर खणायला गेला होता. आमच्या तालुक्यांतली अर्धी माणसं त्या कामावर होती. आधी आठवड्याला गावातल्या बूथवर फोन यायचा. मग महिन्याला. मग एका मुकादमानं सांगितलं, तो दुसऱ्या मुकादमाकडं गेला. दुसरा म्हणाला, माझ्याकडं असा कुणी आलाच नाही. त्याला सहा-सात वर्षं झाली होती. मतदानाचं कार्ड तो सोबत घेऊन गेलेला. लग्नाचे फोटो गळक्या पत्र्याखाली एकमेकांना चिकटून गेलेले. त्याचा चेहरा आता जगात कुठं असलाच तर आमच्या कपाटावरच्या एखाद्या काडतुसात होता, कारण अण्णानं ढग घालण्याआधीचं मूळ चित्रही जपून ठेवलं होतं. हे त्यानं जाहीर केल्यावर दिराचा चेहरा उजळला.

“मोठ्ठा काडून द्या, अण्णा. फ्रेमचा. औंदा पित्राला मांडायचा हाय. किती दिस नुसता नारळ मांडायचा? मायीचा जीव लागंना.”

बाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

दीर समोर चहा सांगायला गेला तेवढ्यात ती अण्णाला हळूच म्हणाली, “पित्राला न्हाई पायजे मला. पुन्याच्या पोलिसात गेलते मी, माज्या भावासंगं. फोटो आना म्हनले. फोटो न्हाई तर काय लिवू, म्हनले. घरच्यांनी एकदा हार घातला की मग कोन हुडकतंय, सांगा?”

अण्णा म्हणाला, “बसा तुमी.”

मला त्या दुपारी बरं वाटत नव्हतं आणि त्याचं कारण तब्येत नव्हती. दीर खोटा माणूस नव्हता. त्याची आई दर पितरपाटाला थोरल्याचं नाव घ्यायचं की नाही यावरून रडायची. त्याला ते रडणं थांबवायचं होतं. बाईला ते थांबवायचं नव्हतं. आणि दोघांना एकच चेहरा हवा होता.

आम्ही सगळं टेबलावर उतरवलं. स्कॅनरची आम्हाला गरज नव्हती, पण संगणकाच्या केबलचं तोंड फक्त त्यालाच बसायचं. ड्राइव्हपर्यंत पोचायचं तर त्याच्या पाठीतूनच जावं लागे. आधी स्कॅनर, मग ड्राइव्ह, शेवटी संगणक, या क्रमानं बटणं दाबली. पडद्यावर काहीच येईना.

“गेला,” मी म्हणालो.

“तुजी जीभ सोन्याची हाय मास्तर,” अण्णा म्हणाला आणि ड्राइव्हच्या मागं वाकला. चक्री पाहिली. मग स्कॅनरची पाहिली. दोघांचा नंबर एकच. दसऱ्याला ओल्या फडक्यानं पुसताना वहिनीनं चक्री फिरवली असणार. अण्णानं नंबर बदलला, पुन्हा क्रमानं बटणं दाबली, आणि तो जुना राखाडी पडदा उजळला. दीर टाळी वाजवणार होता, पण भावजयीकडे बघून थांबला.

मग काडतूस. अण्णानं ते ड्राइव्हच्या तोंडात अर्धं सरकवलं आणि थांबला. बाहेर काढलं. ड्राइव्हच्या झाकणाच्या फटीत कुंकू बसलं होतं, सुकून काळं झालेलं. त्यानं ड्राइव्ह हळूच तिरका केला. तांदळाचे दाणे टेबलावर पडले. एक, मग दोन-तीन, मग पुन्हा एक. वर्षानुवर्षांच्या अक्षता. वहिनी दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

“मी तोंडालाच लावायची वो,” ती म्हणाली. “देवाला बी तोंडालाच लावतो न्हवं आपुन.”

आत चाकासारखी तबकडी फिरते आणि तिच्यावर केसभर अंतरावरून एक सुई धावते, हे तिला कुणी सांगितलं होतं? अण्णानंही नाही, कारण पूजा चालू असताना त्याला ते दिसत होतं आणि त्यालाही त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

अण्णानं मऊ ब्रश घेऊन जमेल तेवढं साफ केलं. काडतूस आत गेलं. तबकडी फिरू लागली. तिचा आवाज आधी नीट होता, मग त्यात खडखड आली. फायलींची नावं आली. हळ्ळीखेडची फाइल सापडली. अण्णानं ती दुसरीकडे उतरवून घ्यायचा प्रयत्न केला. यंत्रानं नकार दिला. पुन्हा केला, पुन्हा नकार. शेवटी तो म्हणाला, “सरळ उघडतो. जे दिसंल ते दिसंल.” आणि शेजारच्या स्टुडिओवाल्याचा कॅमेरा मागून आणला, स्टँडसकट.

जुन्या प्रोग्रॅमात चित्र वरून खाली उतरायचं, पडदा सोडावा तसं. आधी समाजमंदिराची पाटी. मग मागच्या रांगेतले फेटे, टोप्या, एक उघडं डोकं. कपाळं. भुवया. डोळे. बाई पुढे सरकली.

“ह्यो,” ती म्हणाली. उजवीकडून तिसरा. तिनं पडद्याला बोट लावलं नाही, थोडं लांबच धरलं.

नाक उतरलं. वरचा ओठ. मिशीची एक बाजू. मग ड्राइव्हमधून कट्ट असा आवाज आला आणि चित्र थांबलं. त्याखाली सगळं करडं. पुढे बसलेल्या साहेबांच्या फेट्याचा तुरा तेवढा रांगेच्या मधोमध वर आला होता. साहेब स्वतः पोचले नव्हते.

अण्णानं घाईनं फोटो काढला. पडद्यावर काळा पट्टा आला, जुन्या पडद्याचा फोटो पटकन काढला की तो येतोच. त्यानं कॅमेऱ्याचं झाकण जास्त वेळ उघडं राहील असं केलं आणि श्वास रोखून पुन्हा काढला. हा नीट आला. तिसरा काढायच्या आत पडदा गोठला. संगणक बंद करून लावला तर काडतूस आत जाऊनही दिसेना. नंतरही ते कधी दिसलं नाही.

दिरानं कॅमेऱ्याच्या काचेत डोकावून पाहिलं.

“अण्णा, हनुवटी कुटंय?”

“आली न्हाई.”

“अर्ध्या तोंडाला हार कसा घालायचा? माय काय म्हनंल?” तो खरंच घाबरला होता. “जोडून द्या की खालचं. माजी घ्या. आमी सारकेच दिसताव.”

त्या सूचनेवर मला हसू यायला हवं होतं. दोघं सारखे दिसत असतील तर ते अशक्यही नव्हतं. अण्णानं पूर्वी माणसांच्या जागी ढग घातले होते, हनुवटी तर सोपी. अण्णा बाईकडे बघत होता.

“वैनी, बोल की,” दीर म्हणाला.

“दुसऱ्याची हनुवटी लावून पोलीस कुनाला हुडकतील?” ती म्हणाली.

पोलिसांचा विषय दिराच्या कानावर त्याच क्षणी पहिल्यांदा पडला, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. तो रागावेल असं मला वाटलं. तो बाकावर बसला आणि म्हणाला, “सात वर्सं झाली, वैनी.”

“म्हाईत हाय.”

“जित्ता असता तर आला नसता का?”

या प्रश्नाचं उत्तर कसंही दिलं तरी तिच्याच अंगावर येणार होतं. जिवंत असून तो आला नाही, हे मरणापेक्षा बरं की वाईट, हे तिनं सात वर्षांत ठरवलं असेल असं मला वाटत नाही.

“केवढा काडू?” अण्णानं विचारलं.

“भितीवरचा,” दीर म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

“ल्हान,” ती म्हणाली. “दाखवून परत कमरंला ठिवता येईल असा. जास्त काडा. पोलीस टेसनावर द्याया लागतेत.”

“मोटा केला तर डोळे बी फाटतेत, भाऊ,” अण्णा दिराला म्हणाला. ते अगदीच खोटं नव्हतं. त्यानं स्टुडिओतून पासपोर्टच्या मापाचे काढून आणले. लहान कागदावर ती अर्धी मिशी आणि तिच्याखालचा करडा पट्टा पाहून मला शंका आली की हा कागद कुठला फौजदार हातात घेईल. मी ती बोलून दाखवली नाही. तिलाही ती आली असावी, कारण फोटो पिशवीत ठेवताना तिनं एकाच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला, पुसलं तर निघेल असा.

बाहेर हळ्ळीखेडची बस लागली होती. कंडक्टर ओरडत होता. दीर उठला, “चल वैनी,” म्हणाला आणि पायरी उतरला.

ती उतरली नाही. तिनं अण्णाला विचारलं, “पुन्याची गाडी हितूनच लागती का?”

अण्णानं स्टँडच्या दुसऱ्या टोकाकडं बोट केलं. दीर पायरीखाली थांबून दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीनं बघत राहिला.