खंडेनवमीला उजळलेली बंदूक

सखाराम गुरव आखातात, दस्मान भागातल्या एका घरी बारा वर्षं ड्रायव्हर होता, आणि त्यातली शेवटची तीन तर नुसती 'मला सोडा आता' म्हणण्यात गेली. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं हो! पाठ धरायची, डोळे चुरचुरायचे, आणि तिकडे मालवणजवळच्या गावात बायको रत्नमाला एकटीनं घर रेटत होती. मालकीण फातिमा, विधवा बाई, तशी वाईट नव्हती. घर बंद करून मुलीकडे, असमाकडे, राहायला जाणार होती. सामान विकून निघालं की तुला मोकळं करते, असं तिनं कबूल केलं होतं. २००३च्या नवरात्रापर्यंत सगळं निघालं. राहिली एक बंदूक.

तिचा नवरा अमेरिकेला शिकायला गेला होता, तेव्हा त्यानं तिथून आणलेली. दीडशे वर्षांची, नेमबाजीच्या शर्यतींसाठी घडवलेली, तोंडाकडून दारू ठासायची आणि केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, लावून उडवायची. एक इंग्रज गिऱ्हाईक शुक्रवारी येणार होतं, पण त्याला आधी बंदुकीची अवस्था लेखी हवी होती. सखारामच्या बापाकडे डुकरं हाकलायला ठासणीची बंदूक होती, हे बाईला ठाऊक. तिनं काम त्याच्यावर टाकलं.

त्यानं मन लावून पाहिलं. गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली, घोडा चढवून उतरवला, केप बसते तिथलं भोक सुईनं तपासलं, बॅटरी मारून नळी आतून न्याहाळली. आतून चांगली, दस्त्याला एक चीर, नळीवर जुना तपकिरी थर, कारागिराचं नाव स्पष्ट. त्यानं हिंदीत सांगितलं, असमानं इंग्रजीत लिहून फॅक्स केलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण मधेच खंडेनवमी आली, आणि बंदूक त्याच्याच खोलीत! बापाच्या घरी त्या दिवशी कोयत्यावरही डाग ठेवायची सोय नव्हती. बारा वर्षं बिचाऱ्यानं गाडीचे पाने-पकड आणि किल्ली पुजली होती. त्यानं पॉलिश पेपर घेतला, दुपारभर नळी घासली, खोबरेल लावलं, कुंकू वाहिलं. नळी लखलखली. नाव जरा पुसट झालं, पण गिऱ्हाईक खूश होईल, आपण दिवाळीला घरी असू, या आनंदात त्याचं तिकडे लक्षच गेलं नाही.

शुक्रवारी इंग्रजानं कागद वाचला, बंदूक पाहिली, पुन्हा कागद वाचला. हिला कुणी हात लावला, म्हणून त्यानं विचारलं. फातिमा गोंधळून म्हणाली, कुणीच नाही. सखाराम गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण त्याला ते जमेना.

"मीच घासली, मॅडम. आमच्यात पूजा असते."

इंग्रजानं मान हलवली. हिची किंमत त्या जुन्या रंगातच होती, तो गेला तो गेलाच, आता नको, म्हणाला आणि निघून गेला. सखारामला वाटलं, झालं, आता आणखी वर्षभर तरी सुटका नाही. फातिमा मात्र बराच वेळ त्या चकचकीत नळीवरून बोट फिरवत बसली.

"माझ्या नवऱ्याचा हात फिरून फिरून आलेला रंग होता तो, सखाराम," ती हळूच म्हणाली. "तू जा आता. घरी जा."

चौथ्या दिवशी बाईंकडे ठेवलेला त्याचा पासपोर्ट आणि तिकीट आलं, ते वॉचमन महबूबच्या हाती. निरोप घ्यायला सखाराम तासभर फाटकाशी उभा राहिला. बाई खाली आल्या नाहीत. घरी जायला मिळालं म्हणून त्याला रडू यायला हवं होतं, पण रडू आलं ते बाईंच्या त्या पुसून गेलेल्या रंगासाठी.