एकशे चाळीस बुधवार

तुम्हा दोघांना चार वर्षं सांगितलं गेलं की आजीचे गुडघे दुखतात म्हणून ती विमानात बसत नाही. गुडघे दुखतात हे खरं आहे. विमानात न बसण्याचं कारण मात्र ते नव्हतं. माझ्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते, आणि तुमच्या बाबांनी पाठवलेलं तिकीट मी घेतलं नसतं. आता सगळं फिटलं आहे, तेव्हा काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीत लिहिते आहे. सगळं घडलं ते मराठीतच. अडलात तर बाबा वाचून दाखवेल.

तुमच्या आजोबांनी कोर्टातली नोकरी संपल्यावर मांडवीच्या आपल्या घरामागे पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. त्यासाठी पतसंस्थेकडून कर्ज काढलं आणि घर तारण ठेवलं. कागदांवर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे. ती मी न वाचता केली. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले होते की आधी प्रश्न नीट वाचा, मग पेन उचला. आजोबा म्हणाले, "इथे आणि इथे कर, बाकी मी बघतो," आणि मी इथे आणि इथे केली. यात त्यांचा दोष जितका, तितकाच माझा.

खोल्या दोन वर्षं बऱ्या चालल्या. मग टाळेबंदी आली आणि पर्यटक येईनासे झाले. हप्ते मात्र येत राहिले. ते भरण्यासाठी आजोबांनी ओळखीच्यांकडून उसने पैसे घेतले, आणि त्यातलं मला काहीही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. दिवसकार्य चालू असताना रोज कोणीतरी भेटायला येई, काहीतरी बोलावंसं वाटून थांबे, आणि न बोलता जाई. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ही माणसं केवळ दुःखात नाहीत, ती पेचातही आहेत.

माझ्या दिरांना, म्हणजे शेजारच्या घरातल्या तुमच्या धाकट्या आजोबांना, थोडंफार माहीत होतं. ते म्हणाले, "वहिनी, पतसंस्थेचे सोळा लाख आहेत ते आहेतच. उसनवारीला कागद नाही. कागद नाही म्हणजे तुम्ही बांधील नाही. घर विका, पुण्याचा एक हॉटेलवाला तयार आहे. पतसंस्था भागवा आणि उरलेल्यात माझ्याकडे माडीवर राहा."

ते वाईट मनाने बोलत नव्हते. तुमच्या आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलात अकरा दिवस तेच माझ्याबरोबर बसून होते. पण मला घर विकायचं नव्हतं, आणि कोणाचं देणं बुडवून त्या घरात राहायचंही नव्हतं. मला दोन्ही हवं होतं. हे शक्य नाही असं मला त्या महिन्यात किमान सात जणांनी सांगितलं.

माझ्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक मुसलमान बाई होत्या. त्या माझ्या मैत्रीण. त्यांचे वडील गेले तेव्हा मी राजीवड्यात त्यांच्या घरी होते. आम्ही बायका आत बसलो होतो. मयत उचलायच्या आधी त्यांच्या भावाने बाहेर जमलेल्या लोकांना मोठ्याने विचारलं, "आमच्या अब्बांकडे कोणाचं काही देणं राहिलं असेल तर माझ्याकडे या, मी देईन. नाहीतर त्यांना माफ करा." आत कोणी त्याकडे विशेष लक्ष दिलं नाही, त्यांच्यात ती रीतच आहे. मला मात्र ते वाक्य राहिलं. इतकी सरळ गोष्ट आपल्याकडे कोणी का करत नाही, असं तेव्हा मनात येऊन गेलं होतं.

तेराव्याची जेवणं झाली. माणसं ओटीवर सुपारी कातरत बसली होती. मी माजघरातून बाहेर आले आणि उभी राहून म्हणाले, "ह्यांच्याकडे कोणाचं काही देणं असेल तर येत्या पंधरा दिवसांत मला येऊन सांगा. मी फेडणार आहे." माफ करा हा भाग मी मुद्दाम वगळला.

अडकित्त्यांचा आवाज थांबला. दीर उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आज हे बोलायचा दिवस आहे का? आत चला बघू."

"भाऊजी, आज सगळे एकत्र आहेत. पुन्हा बोलावलं तर परत जेवण घालावं लागेल."

एक वयस्कर चुलत सासरे हसले. तेवढंच. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

पंधरा दिवसांत सात माणसं आली. मी शिस्तीची बाई, त्यामुळे टेबलावर फुलस्केप कागद ठेवले होते. प्रत्येकाने रक्कम आणि तारीख लिहायची, खाली सही. सगळे मिळून चार लाख दहा हजार निघाले. एकानेही रक्कम फुगवली असेल असं मला वाटलं नाही, आणि एक-दोघांनी तर कमीच लिहिली.

आठवी आली ती मागच्या दाराने. मासे विकणारी बाई, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. आपल्या घरात मासे शिजत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. पण कोकणात आलेल्या पाहुण्यांना मासे लागतात, म्हणून आजोबांनी खोल्यांच्या मागे वेगळी चूल घातली होती आणि रांधायला एक बाई ठेवली होती. मासे पुरवायची ती ही मासेवाली. ती पायरीवर बसली, रिकामी पाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "वैनी, तुमच्या मालकांकडं माझं अडुसष्ट हजार हायत."

मी तिच्यासमोर कागद ठेवला.

"मला लिवता येत नाय."

"मग कोणाकडून लिहून आणा. खाली अंगठा करा."

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मासे देताना कागद नव्हता, वैनी. तुमचे मालक मोजून पण घेत नव्हते, बोलायचे तू सांगशील ते." ती उठली आणि पाटी काखेत मारली. "राहूंद्या. तुमच्याकडं शिकलेली माणसं घेनेकरी हायत, त्यांचं आधी भागवा."

मी तिला थांबवलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, खरं असतं तर लिहून आणलं असतं. ही माझ्या आयुष्यातली न वाचता केलेल्या सहीइतकीच मोठी चूक. ज्या लोकांची रीत मी उचलली होती त्यांच्या त्या अंगणात कोणी कागद मागितला नव्हता. ते मी सोयीस्कर विसरले.

दिरांना हे कळलं तेव्हा ते जास्तच दुखावले. "उसनवारी समजू शकतो. पण आपल्या घराण्यावर मासळीची उधारी?"

"खाल्ले पाहुण्यांनी, भाऊजी. पाहुण्यांचे पैसे घेताना आपल्याला वास आला नाही."

मग मी कामाला लागले. पहिल्यांदा दागिने. जाऊबाईंनी सुचवलं की सोन्याची मोड कोल्हापूरला नेऊन द्यावी, इथे रामआळीच्या बाजारात चार लोक बघतात. मी रामआळीतच गेले, सकाळी अकरा वाजता, आमच्या नेहमीच्या सराफाकडे. तो बिचारा म्हणाला, "आत बसा काकू, आतल्या खोलीत करू." मी म्हटलं, इथेच कर, उजेड चांगला आहे. चौदा तोळे निघाले. त्यात उसनवारीची सातही माणसं भागली आणि वर दोन लाख पतसंस्थेत भरले. पाटल्या काढताना वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही. वाटलं. घरी येऊन मोकळे हात पाण्याखाली धरून बराच वेळ उभी राहिले.

पतसंस्थेतला अधिकारी माझा विद्यार्थी निघाला, सातवी ब मधला. तो म्हणाला, "बाई, तुमचा मुलगा अमेरिकेत आहे, त्याला एकदा सांगा ना."

"कर्ज अमेरिकेत काढलेलं नाही. हप्ता किती ते सांग."

तुमच्या बाबांनी खरंच पैसे पाठवायचं म्हटलं होतं, हे तुम्हाला ठाऊक असावं. त्याच महिन्यात त्याने स्वतःच्या घरासाठी कर्ज घेतलं होतं आणि तुमच्यातल्या धाकट्याला नुकतंच शाळेत घातलं होतं. मी नाही म्हटलं, आणि जरा कडक आवाजात म्हटलं. तो तीन महिने फोनवर माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला. त्या कडक आवाजाबद्दल त्याची मी माफी मागितली आहे, नकाराबद्दल नाही.

चारही खोल्या पर्यटकांना देणं बंद केलं आणि महिन्याच्या भाड्याने मुलींना दिल्या. दोन नर्स, एक बँकेतली, दोघी कॉलेजातल्या. सकाळी सहा ते आठ ओटीवर इंग्रजीची शिकवणी. पेन्शन, भाडं आणि शिकवणी मिळून हप्ता निघे, माझं जेवण निघे, आणि महिनाअखेर दोन-अडीच हजार उरत. पंख्याशिवाय झोपायची सवय मी पूर्वीच केली होती.

ती मासेवाली मात्र माझ्या मनातून जाईना. वर्षभराने एका रविवारी मी पाहुण्यांची नोंदवही काढली. त्यात आजोबांनी जेवणाची ताटं लिहून ठेवली होती. मासळीचं ताट किती, शाकाहारी किती. मी ताटं मोजली. पुढे अडले, कारण मला मासळीचा भाव ठाऊक नव्हता, आणि एका माशात किती ताटं होतात तेही. म्हणून विज्ञानाच्या बाईंना फोन केला आणि विचारलं, "एका सुरमईच्या तुकड्या किती पडतात?"

त्या म्हणाल्या, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

सगळं सांगितल्यावर त्यांनी फोनवरच माझ्याबरोबर तासभर आकडे लावले. चौऱ्याहत्तर हजार आले. ती अडुसष्टच मागत होती.

सोन्यातले काही पैसे मी दुखण्याखुपण्यासाठी बाजूला ठेवले होते, ते घेऊन मासळी बाजारात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. पदर नाकाला लावायचा नाही असं रिक्षातच ठरवलं होतं, आणि लावला नाही. ती बांगड्यांच्या ढिगामागे बसली होती. मी पाकीट पुढे केलं.

"कसलं पैसं?" ती गिऱ्हाइकाकडे बघतच म्हणाली. "माझ्याकडं कागद नाय."

"माझं चुकलं. मी कागद मागायला नको होता."

शेजारच्या दोघींनी सुऱ्या थांबवल्या. तिने गिऱ्हाइकाला बांगडे मोजून दिले. मग म्हणाली, "एकदम नको. तुमचे मालक चारशे-पाचशे, चारशे-पाचशे करून मासे न्यायचे. तुम्ही पण तसेच द्या. बुधवारी. हितं, गिऱ्हाईक असताना."

"ठीक आहे. चौऱ्याहत्तर हजार होतात."

"अडुसष्ट."

"मी ताटं मोजली आहेत."

"ताटं तुम्ही मोजा. मासे मी मोजलेत."

शेजारची म्हणाली, "काय गो, बामनीन भाव चढवते नि तू पाडतेस, असा लिलाव बघितला नव्हता." शेवटी सत्तर हजारांवर मिटलं. पाचशेप्रमाणे एकशे चाळीस बुधवार.

माझ्या लक्षात आलं की ती मला शिक्षा देते आहे. योग्य होती. मी एकही आठवडा चुकवला नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत, तेव्हा ती सुकट घेऊन बसे, आणि मी छत्री घेऊन जाई. एकदा ताप होता तेव्हा नर्स मुलीच्या हाती पैसे पाठवले, तर परत आले. "तुम्हीच यायचं," असा निरोप. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, गेले. ती म्हणाली, "तोंड उतरलंय. खोबऱ्याचं काय तरी खा," आणि नोट कनवटीला लावली.

दिरांना रस्त्यात लोक विचारत. ते एकदा चिडून म्हणाले, "दर बुधवारी तिथे उभं राहून तुम्हाला काय मिळतं?"

"रविवारपर्यंत शांत झोप."

"आणि रविवारी?"

"रविवारी पतसंस्थेच्या हप्त्याची आठवण होते."

यंदा पतसंस्थेचा शेवटचा हप्ता भरला. सातवी ब मधल्या मुलाने घराचे मूळ कागद माझ्या हातात दिले. या वेळी मी तिथेच बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. पतसंस्थेची वेळ संपत आली तरी त्याने मला उठवलं नाही. घर सुटलं होतं, तरी बाजारातले तीन बुधवार उरले होते, म्हणून मी कोणाला पेढे दिले नाहीत.

एकशे चाळिसाव्या बुधवारी मी नोट दिली. तिने ती इतर नोटांत घातली, वेगळी काढून बघितलीही नाही. म्हणाली, "झालं. आता पुढच्या बुधवारी कशाला याल?"

"येईन. माझ्याकडे पाच मुली राहतात, सगळ्या मासे खातात. त्यांचे त्या आणतात, ते शिळे असतात. मला घेता येत नाहीत, तुम्ही शिकवा."

"रोख?"

"रोखच."

"उधारीचा भाव वेगळा होता, वैनी. रोखीला कमी करीन." तिने एक बांगडा उचलला आणि कल्ला उघडून दाखवला. "लाल बघायचा. डोळा असा वर आलेला पायजे. तपकिरी कल्ला दिसला तर मी दिला तरी घेऊ नका."

बारा बांगडे घेऊन मी चालत घरी आले. रिक्षा केली असती तर कोणाला दिसलं नसतं. दीर अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. खालून पाणी गळत होतं.

"वहिनी, हे काय?"

"बांगडे. मुलींसाठी."

"या दारातून?"

"घर माझं आहे, भाऊजी," मी म्हटलं, आणि पुढच्या दाराने आत गेले.