कापलेल्या बोटांची टेस्ट

काम कोणाला दिसलं नाही तरच ते चांगलं झालं, असा ज्यांचा धंदा, त्यांच्याकडे किस्से फार साठतात. दुसरं दाखवायला असतंच काय! आमचा चिखलीतला छोटा स्टुडिओ परदेशी सिनेमांतल्या नको त्या वस्तू कॉम्प्युटरवर पुसतो. तारा, माइक, टेबलावर विसरलेला चहाचा कप.

एकदा आईला हौसेनं थिएटरात नेलं. हिरोनं गच्चीवरून उडी मारली. म्हटलं, "आई, त्याच्या पाठीला तार होती, ती मी काढली!"

आईनं पडदा निरखून पाहिला. "कुठं हाय तार?"

"आता नाहीये."

"मंग तू केलंस काय?"

*

आमच्या खाली पत्रा कापायच्या प्रेस मशीनचं वर्कशॉप आहे. दिवसभर धाडधाड. व्हिडिओ कॉलवर परदेशी क्लायंटनं विचारलं, "हा आवाज कसला?"

आमचे मालक सचिनभाऊ पटकन म्हणाले, "नवीन मजला चढवतोय!"

पुढच्या कॉलला त्यानं आठवणीनं विचारलं, "झाला का मजला?"

"झाला की! माणसं मावेनात, अजून एक चढवतोय!"

त्याच आठवड्यात आमच्यातली निम्मी माणसं घरी बसली होती.

*

मग त्याच क्लायंटनं कळवलं, "पुसायचं काम आता सॉफ्टवेअर आपोआप करतं. तुम्ही फक्त त्याच्या चुका दुरुस्त करा."

सचिनभाऊ उखडले. "म्हणजे राव, घाण ते करणार आणि पोतेरं आपण मारायचं!"

मारलं. पुढे पोतेऱ्यालाही कोणी बोलावेना.

*

शेवटी एका मोठ्या सिरीजच्या कामासाठी टेस्ट आली. नटाच्या हाताची दोन बोटं अपघातात तुटलेली दाखवायची. टेस्ट फुकट, आणि आमच्यासारखे कितीतरी स्टुडिओ तीच करत होते. "हे काम गेलं तर कुलूप," सचिनभाऊंनी सरळ सांगून टाकलं.

आमचा प्रशांत म्हणाला, "नेटवर फोटो शोधू नका. आमचे पप्पा आहेत ना."

त्याचे वडील नामदेवकाका महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेसवर होते. तिथंच त्यांची दोन बोटं गेली, भरपाई काही मिळाली नाही. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, सगळ्यांना जयभीम घातला आणि दिव्याखाली हात ठेवून बसले. वळवा म्हटलं की वळवायचे, मूठ म्हटलं की मूठ. प्रशांतनं कातडीची सुरकुती न् सुरकुती नटाच्या हातावर बसवली. बापाचा तो हात पोरगा स्क्रीनवर मोठा करून करून बघत होता. मला बघवेना.

निकालाच्या दिवशी काकाही आले. सचिनभाऊंनी मेल मराठीत करून मोठ्यानं वाचला. "काम सफाईदार आहे. पण जखम खोटी वाटते. अपघातात बोटं अशी तुटत नाहीत. काम दुसऱ्यांना दिलं आहे."

प्रशांत खाली मान घालून बसला होता.

काकांनी हात खिशात घातला. म्हणाले, "आमच्या कंपनीचा डॉक्टर बी हेच बोलला होता."