किनखाबाची मागची बाजू

लग्नात मला पहिल्या रांगेत बसवायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. नवरी समोर आली की लोक तिचा चेहरा बघतात आणि मी तिच्या पदराची मागची बाजू. एकदा तर चालत्या वरातीत वरमाईच्या शालूचा काठ उलटून बघितला होता. बायकोने असं कोपर मारलं की दोन दिवस बरगडी धरून फिरलो. पण सवय काही जात नाही.

जुन्या कापडाच्या नादाला लागलेला माणूस पुढून बघायचं विसरतोच. गालिचा असो, शाल असो, पुढची बाजू पाहुण्यांसाठी. मागे गाठी किती दाट आहेत ते दिसतं, धागा संपला तेव्हा विणणाऱ्याने दुसरा कुठून घेतला ते दिसतं. उन्हाने पुढचा रंग विटतो, मागे तो शाबूत असतो. म्हणून माझ्याकडे प्रत्येक कापड उलटं ठेवलेलं असतं. हे लक्षात ठेवा, कारण सगळी भानगड यातूनच झाली.

पोटासाठी मी साड्यांची डिझाइनं काढतो, सुरतच्या कापड मार्केटमध्ये, कॉम्प्युटरवर. सकाळी काढलेला पदर संध्याकाळी भेस्तानच्या एखाद्या कारखान्यात सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, चढलेला असतो. महिन्याभरात ती साडी जुनी, डिझाइन जुनं, मीही जुना. या घाईचा कंटाळा आला की मी गोडादऱ्याच्या घरी येऊन पलंगाखालच्या दोन पेट्या उघडतो. त्यात अर्धा जळका बलुची गालिचा आहे, रेशीम-सुताच्या मश्रूचा तुकडा आहे, चिनी भरतकामाची एक कोर आहे. एक इराणी गालिचा तर मी एका बंगल्यातल्या कुत्र्याच्या बुडाखालून सोडवून आणलाय. कुत्रं अजून माझ्यावर भुंकतं.

माय म्हणते, "लोके सोनं जमा करतस, मन्हा पोऱ्या चिंध्या जमा करस."

माय स्वतः पंचवीस वर्षं धागा कटिंग करते. सांच्यावर विणलेल्या साडीत एका बुट्टीचा धागा पुढच्या बुट्टीपर्यंत मागून मोकळाच धावतो. हे लोंबते धागे हातानं कापावे लागतात. रिक्षातून साड्यांचे गठ्ठे येतात, आमच्या गल्लीतल्या बाया ओट्यावर बसतात, साडी उलटी करून मांडीवर घेतात आणि कट कट सुरू. एक धागा राहिला तर अख्खा गठ्ठा परत येतो. मायचा गठ्ठा पंचवीस वर्षांत कधी परत आला नाही. हे ती नव्या माणसाला चहाच्या आधी सांगते.

आता बांबद्दल. गोपीपुऱ्यात एक म्हाताऱ्या सुरती बाई राहतात, मी त्यांना बा म्हणतो, म्हणजे आई. त्यांचे वडील घरच्या हातमागावर किनखाब विणायचे. त्यांनी विणलेला शेवटचा तुकडा बांकडे आहे, दीड हात लांब, डाळिंबी रेशमावर खऱ्या जरीच्या बुट्ट्या. दोन वर्षं मी तो बघायला जात होतो. बा चहा द्यायच्या, तुकडा दाखवायच्या आणि परत कपाटात ठेवायच्या. हात लावू द्यायच्या, नेऊ द्यायच्या नाहीत.

त्या तुकड्याची गंमत मागच्या बाजूला होती. बुट्टीपासून बुट्टीपर्यंत जरीचे सगळे धागे तसेच लोंबत होते, एकही कापलेला नव्हता. विकायचा माल असा कोणी ठेवत नाही. मी आपला अभ्यासू चेहरा करून बांना सांगितलं की कारागिराने हे मुद्दाम ठेवलं असणार, आपली कला पुढच्या पिढीला वाचता यावी म्हणून. बा नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ तेव्हाच विचारला असता तर! पण मी कसला विचारतोय, मला माझंच ऐकायची हौस.

शेवटी या हिवाळ्यात बा पाघळल्या. फोटो काढायला, धागे मोजायला आठ दिवस दिले. देताना एवढंच म्हणाल्या, "मने पाछुं जोईए. जेवुं छे तेवुं." जसं आहे तसं परत हवं. मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

चौथ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो. सकाळी घाईत मी तुकडा पलंगावरच ठेवून गेलो होतो, सवयीप्रमाणे उलटा. शेजारी मायचा साड्यांचा गठ्ठा होता. आमच्या गल्लीत उलटं ठेवलेलं कापड म्हणजे कापायचं कापड. ओट्यावर माय बसली होती, मांडीवर डाळिंबी रेशीम, हातात कात्री.

"ये भाऊ," ती खुशीत म्हणाली. "मांगे कितला धागा लटकी राहिंतात! मी कापी टाकात. आते दख, कसं चोख दखास!"

मग मी जे ओरडलो ते सगळ्या गल्लीने ऐकलं. काय ओरडलो ते लिहीत नाही, आईला बोलायचे शब्द नव्हते ते. मायने कात्री खाली ठेवली. तिला वाटलं होतं, आपला पोरगा इतका जपतो त्या चिंधीचं काम आपण फुकटात आणि झकास करून द्यावं. मी आलो म्हणून कोपऱ्यातली एक ओळ तेवढी राहिली होती, सात बुट्ट्यांची. बाकी सगळं साफ. तांदळाच्या दाण्याएवढी शेपटं सोडून, एकसारखं. हात बघितला तर तोंडात बोट घालावं असं काम, आणि मला रडू येत होतं.

थोड्या वेळाने तिने पदराची गाठ सोडून दाखवली. खरी जर आहे हे तिच्या बोटांना पहिल्याच धाग्याला कळलं होतं, म्हणून कापलेला प्रत्येक तुकडा तिने बांधून ठेवला होता. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी तुकडा घेऊन मी एकटाच बांकडे निघालो, तर माय ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. मी म्हटलं, तू कशाला? तर म्हणते, "चूक मन्ही, आनि तोंड तू दखाडशी?" आणि माझ्या आधी रिक्षात जाऊन बसली.

बांनी तुकडा हातात घेतला आणि उलटला. त्यांची बोटं मागच्या बाजूवरून फिरत राहिली.

"आ कोणे काप्युं?"

मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "में काप्युं, बेन." आणि पदराची गाठ सोडून जरीचे तुकडे त्यांच्यापुढे ठेवले.

बांनी ती जर तळहातावर घेतली. मग हळूहळू, मायकडे बघत, बोलल्या. त्यांच्या घरी विणायचे वडील आणि मागचे धागे कापायची आई. हा तुकडा मागावर होता तेव्हाच आई गेली. वडिलांनी तो उतरवला, पण कोणाला कात्री लावू दिली नाही. नंतर मागही विकला. तेव्हा बा आठ वर्षांच्या होत्या, आईकडून शिकायचं राहूनच गेलं.

माझी कला, माझी पुढची पिढी, माझे सगळे शोध त्या एका वाक्यात पाण्यात गेले. ते धागे म्हणजे त्या घरातल्या बाईची रिकामी जागा होती, आणि ती आम्ही मायलेकांनी मिळून कापून आणली होती. मी खाली बघून माफी मागायला लागलो. बांनी मला हातानेच थांबवलं.

त्यांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला. मायने सोडलेली बारीक शेपटं बोटाने चाचपली. "मारी बा आम ज कापती," त्या म्हणाल्या. माझी आई अशीच कापायची. आणि त्यांचे डोळे भरून आले, मायचेही.

मग त्यांना कोपऱ्यातली न कापलेली ओळ दिसली. त्या मायला म्हणाल्या, "मने शीखव."

मायच्या कनवटीला कात्री असतेच, देवळातही असते. ती उठून बांच्या शेजारी झोपाळ्यावर बसली. कापड ताणून कसं धरायचं, कात्रीचं टोक आडवं कसं घालायचं, बुट्टीच्या किती जवळ जायचं, सगळं अर्ध्या गुजरातीत आणि अर्ध्या अहिराणीत. बांच्या बोटांवर मायची बोटं. पहिली बुट्टी वाकडी आली तेव्हा दोघी हसल्या. माझ्यातला अभ्यासक आतून ओरडत होता, थांबा, निदान एक फोटो काढू द्या! पण जन्मात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं.

सहा बुट्ट्या झाल्या. सातवीपाशी बांनी कात्री नेली आणि मायने त्यांचा हात धरला.

"एक रेवा दो, बेन," ती म्हणाली. "तमारी बानी छे." तुमच्या आईची आहे.

बांनी कात्री मिटली. पंचवीस वर्षांत मायने मागे सोडलेला तो पहिला धागा.